परीच्या महालात झाडू कोण मारतं? लहान पोरांना मनातल्या जागेचं वर्णन लिहायला शिकवताना

मी जळगाव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात "माझ्या कल्पनेतले गाव" असा विषय लिहिला आणि पोरांना म्हटलं, डोळे मिटा, कल्पना करा, लिहा. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घरी आणला तर सगळ्यांचं गाव एकच! एक सुंदर गाव होते, तिथे सुंदर नदी होती, नदीकाठी सुंदर फुले होती, सर्व लोक आनंदाने राहत होते. पाच-सहा वह्यांमधे सोन्याचा महाल, दोनमधे चॉकलेटचा डोंगर, बस.

एका पोराने मात्र फक्त एक ओळ लिहिली होती. "तिथे लाईट जात नाही."

मी त्याला खाली लाल पेनाने "अपूर्ण" लिहून टाकलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, कारण त्या अख्ख्या गठ्ठ्यात खरं कल्पनेतलं गाव तेवढं एकच होतं. दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बसवून सहज विचारलं, बरं, लाईट जात नाही, मग रात्री काय होतं रे तिथे? तो म्हणाला पंखा चालू असतो. अजून? मोटर दिवसाच चालते. मग? मग बाबा रात्री घरीच असतात. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, शेतीची लाईट आमच्याकडे पाळीपाळीने येते, रात्रपाळी असली की बाप माणूस बॅटरी घेऊन रात्री पाणी भरायला शेतात जातो.) ते सगळं त्याच्या डोक्यात होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी हा विषय वेगळ्या पद्धतीने घेते. नवीन शिक्षक, बालभवनवाले, घरी पोरांना घेऊन बसणाऱ्या आया, बरेच जण विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. माझं म्हणणं एवढंच आहे की पोराला "कल्पना कर" म्हणू नका. त्याला ओळखीची जागा द्या, त्यातली एकच गोष्ट बदलायला सांगा, आणि मग त्या एका बदलामुळे काय काय होतं ते त्याला विचारत बसा.

आधी तयारी, जास्त काही लागत नाही

पाठकोरे कागद, पेन्सिल, फळा. वही नको, वही म्हटली की पोरं सुवाच्य अक्षराच्या मागे लागतात आणि डोकं बंद होतं. खोडरबर पहिल्या दिवशी गोळा करून माझ्या टेबलावर ठेवते, थोडी कुरकुर होते, चालतं. वेळ म्हणाल तर रोज एक तास असे पाच दिवस धरा. एका तासात बोलणं, लिहिणं, तपासणं सगळं कोंबायला जाऊ नका, मी ते करून बघितलंय, परत ती सुंदर नदीच येते.

वय आठ ते दहा धरून सांगतेय. पहिली-दुसरीचं शेवटी बोलते.

पहिला दिवस: लिहायचंच नाही

पहिल्या दिवशी पेन्सिलला हात लावायचा नाही, नुसतं बोलायचं. आणि बोलायचं ते घरच्या भाषेत. माझ्या वर्गात निम्मी पोरं घरी अहिराणी बोलतात, काही लेवा बोली, एकदोन घरं पावरी बोलणारी. प्रमाण मराठीत सांग म्हटलं की पोर आधी शब्द शोधतं, मग जागा विसरतं. अहिराणीत विचारलं "तठे काय शे?" की लगेच धडाधड सुरू, "तठे बठ्ठं निळं शे, मले तठे भीती नही वाटस". हे मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिते, आपलं बोलणं फळ्यावर आलं याचंच पोरांना अप्रूप वाटतं. नंतर त्यातलं मराठी आम्ही मिळून करतो, आणि एखादा शब्द मराठीत नीट बसत नसेल तर तसाच ठेवतो.

कोणी साहेब विचारतील हे काय चाललंय, तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच म्हटलंय की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत शिकवण्याचं माध्यम घरची भाषा, मातृभाषा असावी. तेवढं सांगून मोकळं व्हायचं.

बोलायचं कशावर? कल्पनेवर नाही. खऱ्या जागेवर. सगळ्यांना बाहेर निंबाखाली बसवा, दोन मिनिटं डोळे मिटायला लावा आणि मग विचारा काय काय कळलं. पहिल्यांदा सगळी म्हणतात "काहीच नाही". दुसऱ्यांदा सुरू होतं: पिठाची गिरणी चालू आहे, खिचडीला फोडणी बसली, फरशी खालून गरम लागते, कोणीतरी पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजतंय. हा शेवटचा वास आमच्याकडे हिवाळ्यात हमखास सापडतो, भरताचे दिवस असतात. मग एकेकाला विचारायचं की हे तुला डोळ्यांनी कळलं का? नाही? मग कशाने? पाच ज्ञानेंद्रियं पोरांना परिसर अभ्यासात पाठ असतात, पण वर्णन करताना ती फक्त डोळे वापरतात, बाकीची चार तशीच दप्तरात राहतात.

आणि याच दिवशी एक नियम लावून टाका. "सुंदर" शब्द बंद. "छान", "मस्त", "खूप मोठा" हे पण. कोणी म्हटलंच तर ओरडायचं नाही, विचारायचं, "काय पाहून म्हणतोस?" एकदा एक मुलगी म्हणाली आमची केळीची बाग सुंदर आहे. काय पाहून? तर म्हणे आत गेलं की उन्हातून घरात आल्यासारखं वाटतं, उजेड हिरवा असतो, नळीतून टिप टिप पाणी पडतं, आणि फ्रॉकला चीक लागला की आई मारते कारण तो डाग निघत नाही. आता तुम्हीच सांगा, सुंदर हा शब्द कशाला पाहिजे.

दुसरा दिवस: एकच गोष्ट बदला

इथे नवीन शिक्षक चुकतात. पोरांना मोकळं सोडलं की ती सगळंच बदलतात, झाड सोन्याचं, नदी चांदीची, गाय उडते, माणसं अदृश्य, आणि मग वर्णन करायला हातात काही उरतच नाही, कारण वाचणाऱ्याला धरायला एकही ओळखीची वस्तू नाही. म्हणून नियम असा की जागा खरी पाहिजे, तू पाहिलेली पाहिजे, आणि त्यातली फक्त एक गोष्ट बदलायची. बाकी शेणामातीपासून सगळं जसंच्या तसं.

मी वर्गात वापरलेले काही बदल सांगते, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे करा.

तापी उलटी वाहिली तर. हा माझा आवडता आहे, कारण आधी तापी सुलटी कुठे वाहते ते बघावं लागतं. नकाशा काढायचा, मध्य प्रदेशात मुलताईला उगम, मग आपल्याकडे भुसावळकडून पश्चिमेला, गिरणा वगैरे पोटात घेत पुढे सुरत आणि अरबी समुद्र, सगळी मिळून ७२४ किलोमीटर. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात आणि आपली तापी पश्चिमेला, हे पोरांना त्या दिवशी जे कळतं ते भूगोलाच्या तासाला कधी कळत नाही. मग म्हणायचं, आता उद्या सकाळी उठलो आणि ती उलटी वाहायला लागली, समुद्राकडून आपल्याकडे. काय दिसेल? एक पोरगा लगेच म्हणाला पाणी खारं. दुसरा म्हणाला मग केळी मरतील. तिसरी म्हणाली मग रावेरला केळीच्या ठिकाणी मिठाचे ढीग, आणि ट्रकमधे घडांऐवजी मीठ भरतील. कोणीतरी म्हणालं हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांना समुद्राचे मासे डोकं आपटतील. हे मी शिकवलेलं नाही, मी फक्त नदी फिरवली.

धाब्यावरचं गाव. आमच्याकडे जुनी घरं धाब्याची, लाकडी कड्या, त्यावर काड्या आणि वर मातीचा जाड थर, सपाट छत, उन्हाळ्यात सगळे वर झोपायला. एकाला एक लागून घरं असली की या धाब्यावरून त्या धाब्यावर पोरं पळतात आणि खालून आजी शिव्या देते. आता बदल एवढाच की गावातलं कोणीच खाली उतरत नाही.

अजून पण आहेत. आठवडे बाजार भरतो पण आवाज अजिबात येत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत सगळे घोडे माणसं विकत घ्यायला आलेत (हा एका पोरानेच काढला, दत्तजयंतीला मामाबरोबर घोडेबाजार बघून आला होता, मी हसून हसून बेजार). भुसावळच्या स्टेशनावर गाड्या थांबतात पण सगळ्या पाण्यात पोहत येतात. शाळा आहे तीच पण मुंगीएवढी.

पोरांनी स्वतः निवडलेला बदल तुमच्यापेक्षा नेहमी चांगला असतो, तुमची उदाहरणं फक्त दोन द्या, जास्त दिली तर सगळा वर्ग तुमचंच लिहून आणतो. आणि मोबाईलवरच्या गेममधली जागा चालेल का असं विचारतात. चालेल, पण मग त्या गेममधल्या रस्त्यावर तुझं घर कुठे, आणि तिथे तुझी आजी काय करतेय ते सांग. बरेच जण मग गेम सोडून देतात.

तिसरा दिवस: मग? मग? मग?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या दिवसांत घाई केली तरी चालेल, इथे नाही.

पोर एक बदल करून आलंय. आता तुम्ही त्याला चौकशी केल्यासारखं नाही, तर खरंच तिथे राहायला जायचं असल्यासारखं विचारायचं. राहायला जाणारा माणूस काय विचारतो? पाणी कुठून आणता, सकाळी काय खाता, संडास कुठे आहे, पाऊस आला की कुठून गळतं, रात्री कशाचा आवाज येतो, दुकान किती लांब. संडास म्हटल्यावर वर्ग पाच मिनिटं हसतो, हसू द्या, पण त्यानंतर सगळ्यांना आपापल्या गावातली ती जागा ठरवावी लागते आणि ती जागा ठरली की गाव खरं व्हायला लागतं.

सोन्याच्या महालाचं उदाहरण सांगते, कारण तो महाल कितीही नियम लावले तरी येतोच. जळगावचं सोनं प्रसिद्ध, पोरांनी सराफ बाजार पाहिलेला असतो, त्यामुळे इथे तर जास्तच. एका मुलीचा महाल होता, परीचा, अख्खा सोन्याचा. पूर्वी मी म्हणाले असते हे काय तेच तेच, दुसरं काहीतरी लिही. आता मी विचारलं, हा महाल आपल्याच गावात आहे ना? हो. मे महिन्यात? ती थांबली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी पत्र्याच्या दाराची कडी नुसत्या हाताने धरवत नाही, हे तिला मी सांगायची गरज नव्हती, आणि सोनं पण धातूच, तापायला कितीसा वेळ लागतो. ती म्हणाली, मॅडम, परी चप्पल घालून फिरते. आणि जिन्याचा कठडा? त्याला आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्यात. आणि छत? छतावर केळीची पानं टाकलीत, रोज संध्याकाळी वाळतात, रोज सकाळी नवीन टाकतात.

मग मी विचारलं, एवढा मोठा महाल, झाडू कोण मारतं? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, परीच मारते, पण दुपारी नाही मारत, दुपारी ती मागच्या मातीच्या खोलीत झोपते, कारण तीच एक खोली थंड आहे.

सोन्याच्या महालात मागे एक मातीची खोली! मला तर हे आयुष्यात सुचलं नसतं.

तीनेक प्रश्न एका पोराला पुरे. जास्त विचारले की ती उलटतपासणी होते आणि पोर रडवेलं होऊन म्हणतं "मला नाही माहीत", मग सोडून द्यायचं, पुढच्याकडे जायचं, ते पोर घरी जाऊन विचार करतंच. दुसरं, उत्तर तुम्ही सुचवू नका. तुमच्या डोक्यात भारी उत्तर आलं तरी गिळून टाका. आणि तिसरं, "असं कसं होईल?" हा प्रश्न विचारायचाच नाही, "मग काय होतं?" एवढाच विचारायचा. दोन्ही प्रश्न कानाला सारखेच लागतात पण पहिल्याने पोराचं गाव बंद पडतं.

वर्ग मोठा असेल, चाळीस पोरं, तर प्रत्येकाला तुम्ही विचारू शकत नाही, तेव्हा जोड्या लावा. एक जण गावकरी, एक जण राहायला आलेला भाडेकरू. पोरं एकमेकांना आपल्यापेक्षा चांगले प्रश्न विचारतात. "तुमच्याकडे कुत्रे चावतात का?" हा प्रश्न कुठल्याही मोठ्या माणसाला सुचणार नाही, आणि त्याचं उत्तर प्रत्येक गावाला द्यावंच लागतं.

इथेच उपमेचं पण सांगून टाकते. पोरं लिहितात ढग कापसासारखे. पाठ्यपुस्तकात तेच असतं. पण कापूस तर आमच्या पोरांनी वेचलेला असतो, म्हणून विचारायचं, कुठला कापूस? पहिल्या वेचणीचा का फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा? एकाने लिहिलं, ढग फरदडीच्या कापसासारखे होते, मळके, मधे मधे पाला चिकटलेला. त्याच्या आकाशात बगळे उडत होते, तो चिकटलेला पाला म्हणजे ते. मी नंतर कितीतरी दिवस आकाशाकडे तसंच बघत होते.

चौथा दिवस: नकाशा, आणि मग लिहायचं

लिहायच्या आधी चित्र नाही काढायचं, नकाशा काढायचा. चित्र काढायला दिलं की रंगवण्यात तास जातो आणि दोन डोंगरांच्या मधून सूर्य येतो. नकाशा म्हणजे वरून पाहिल्यासारखा, आत कुठून शिरायचं, विहीर कुठे, मोठं झाड कुठे, दुकान कुठे. पाच मिनिटांत होतो. त्यावर पोराने एक फुली मारायची: मी इथे उभा आहे.

ही फुली महत्त्वाची. पोरांच्या वर्णनात एक वाक्य नदीचं, दुसरं डोंगरामागचं, तिसरं घरातल्या कपाटाचं असतं, कारण ती कुठे उभी आहेत तेच ठरलेलं नसतं. फुली मारली की मग जवळचं आधी, लांबचं नंतर. किंवा वेशीतून आत चालत जायचं आणि जे लागेल ते सांगायचं. यात्रेत शिरताना आपल्याला आधी आवाज येतो, मग धूळ, मग वास, आणि पाळणा सगळ्यात शेवटी दिसतो किंवा उलट, लांबून पाळणाच आधी दिसतो, ते कुठून येताय त्यावर आहे. पोरांना हे बरोबर कळतं.

मग पेन्सिल. पंधरा मिनिटं, सात-आठ वाक्यं, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे. पहिलं वाक्य "एक गाव होते" असं नको, पहिल्या वाक्यात कानाला किंवा अंगाला काय लागलं ते. आणि तुम्ही पण त्यांच्यासोबत लिहा, खरंच लिहा, हजेरीपत्रक भरत बसू नका. माझं लिहिलेलं मी शेवटी वाचून दाखवते, बऱ्याचदा पोरांपेक्षा वाईट असतं आणि त्यांना त्याचा फार आनंद होतो.

कसं येतं त्याचा नमुना देते. हा वेगवेगळ्या पोरांच्या लिहिण्यावरून मीच जुळवलाय, कुणा एकाचा नाही. विषय तोच, धाब्यावरचं गाव. प्रश्न विचारायच्या आधीचं लिखाण साधारण असं असतं:

"आमचे गाव धाब्यावर आहे. ते खूप सुंदर आहे. सर्व लोक वर राहतात. तिथे खूप मजा येते."

आणि तीन दिवस बोलून, नकाशा काढून मग असं:

"पायाखाली ठक ठक वाजतं तेव्हा समजायचं की खाली उंदीर आहेत. आमच्या गावात खाली कोणी उतरत नाही. मी आजीच्या धाब्यावर उभा आहे, इथून शाळेच्या धाब्यावर जायला एक फळी आहे, ती पावसात निसटते म्हणून पावसात शाळेला सुट्टी. म्हैस लहान होती तेव्हाच वर आणली, आता ती मोठी झाली आणि जिन्यात मावत नाही. तिच्या शेणाचा वास सगळ्या गावाला येतो पण कोणी काही बोलत नाही कारण दूध तिचंच आहे. विहीर खाली आहे. बादली लांब दोरीने सोडतात, वर येईपर्यंत अर्धी सांडते. रात्री सगळे एका ओळीत झोपतात, आणि शेवटी झोपणाऱ्याला कडेला उशी लावतात."

एकही शब्द अवघड नाही. कल्पना पण एकच, खाली कोणी उतरत नाही, एवढीच. बाकी फळी, म्हैस, बादली, उशी सगळं घरचंच आहे.

पाचवा दिवस: एकदाच दुरुस्ती

जोडीदाराला वाचून दाखवायचं, कागद दाखवायचा नाही. जोडीदाराने फक्त ऐकून चित्र काढायचं. मग चित्र आणि नकाशा शेजारी ठेवायचे. जिथे चित्र चुकलं, तिथे वाक्य कमी आहे. विहीर गावाच्या आत काढली, का? कारण तू बाहेर आहे असं लिहिलंच नाहीस. यात शिक्षकाला काही बोलावंच लागत नाही, आणि पोराला पण अपमान वाटत नाही, कारण मॅडमने चूक नाही काढली, चित्रच चुकलं. मग ते एक-दोन वाक्यं घालायची आणि झालं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहायला लावू नका, लिखाण मरतं.

शुद्धलेखन? सगळ्यात शेवटी, आणि एका पोराचे दोनच शब्द. ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणांनी भरलेला कागद परत मिळाला की पुढच्या वेळी ते पोर "म्हैस" लिहिणारच नाही, "गाय" लिहील, कारण गाय येते. मला स्वतःला लहानपणी असा कागद मिळाला होता, मी कितीतरी वर्षं पाऊस लिहायचं टाळलं.

कुठे कुठे अडतं

भूत. एकाने भुताचा वाडा आणला की सगळ्यांना तोच पाहिजे असतो. मी बंदी घालत नाही, फक्त तोच नियम लावते, वाडा तुझ्या माहितीतला पाहिजे. गावातली पडकी गढी सगळ्यांना माहीत असते. आणि भूत दाखवायचं नाही, फक्त जागा. भूत बाहेर गेलंय, तुम्ही त्याच्या घरी आलात, काय काय दिसतं? पोरं त्याची वाळत घातलेली चादर, त्याचं उष्टं ताट, दारामागची काठी असलं काय काय लिहितात आणि ते भुतापेक्षा जास्त घाबरवतं.

आईने लिहून दिलेलं. लगेच ओळखू येतं, "निसर्गाच्या कुशीत वसलेले" अशी सुरुवात असते. म्हणून घरी द्यायचंच नाही, वर्गातच सगळं. आईला काही करायचंच असेल तर तिने रात्री गच्चीवर झोपताना ते भाडेकरूचे प्रश्न विचारावेत, लिहू नये.

"गाव" म्हणजे काय हे सगळ्यांचं एक नसतं, हे मला उशिरा कळलं. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या पोराच्या डोक्यात घरं लांब लांब असतात, एका टेकडीवर एक, दुसऱ्या टेकडीवर दुसरं, आणि त्याच्या नकाशात चौक, पार, वेस काहीच नसतं. मी त्याला म्हणत होते, अरे, गाव कुठाय? ते तर समोरच होतं, मलाच दिसत नव्हतं. तसंच दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबापाबरोबर जाऊन आलेली पोरं. त्यांनी कोपीतलं (ऊसतोडवाल्यांच्या झोपडीतलं) राहणं पाहिलेलं असतं, फडातल्या पहाटेचा गारठा, बैलगाडीखालची झोप, अशा जागा बाकी वर्गाला माहीतच नसतात. त्या पोरांना "तुझा अभ्यास बुडाला" म्हणण्याआधी एकदा हा तास त्यांच्यासोबत घ्या.

जे पोर लिहितच नाही त्याचं तोंडी घ्या आणि तुम्ही लिहा, त्याच्या शब्दात, तुमच्या नाही. दोन-तीनदा केलं की स्वतःच पेन्सिल मागतं. नाही मागितली तरी त्याचं गाव तर झालं.

पहिली-दुसरीसाठी हे सगळं अर्ध्या तासात, मातीत. अंगणात काड्या, दगड, बिस्किटाचा पुडा घेऊन गाव मांडायचं, एक बदल करायचा, आणि मग बाकीच्यांना आपल्या गावातून फिरवून आणायचं. लिहायचं फक्त गावाचं नाव, पाटीवर. तेवढं बास.

मार्क कसे द्यायचे

मी देत नाही. मार्कांऐवजी प्रत्येकाच्या कागदाखाली एक प्रश्न लिहिते, खरंच मला पडलेला, "ही फळी कोणी ठेवली?" "त्या म्हशीचं नाव काय?" असा. कागद वर्गात सुतळीवर क्लिपने लावून ठेवते, आणि ज्याला उत्तर लिहावंसं वाटेल तो लिहितो, सक्ती नाही. धाब्यावरच्या गावाच्या एका कागदाखाली मी विचारलं होतं की कोणी आजारी पडलं तर काय करता. आठवडाभर काही नाही, मी विसरून पण गेले, आणि एका सोमवारी तिथे पेन्सिलने लिहिलेलं दिसलं: "डॉक्टर खालून ओरडून विचारतात. आम्ही वरून जीभ दाखवतो."